अहवाल कपाटात, पाणी उसात!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

सुतारास पाभर करावयास सांगितली, आणि त्याने बाभळीच्या लाकडाचे गुणधर्म, चाड्याचे माप व फणांमधील अंतर यांवर चाळीस पानांचे टिपण लिहून आपल्या हाती ठेवले, तर आपण त्यास बलुते घालू काय? मुळीच नाही. पाभर वावरात चालली पाहिजे, बी ओलीत पडले पाहिजे, तेव्हाच तो सुतार जाणता. लोहाराचा फाळ ढेकळात शिरला पाहिजे. कुंभाराचा माठ गळता कामा नये. चांभाराची मोट फाटली तर त्याच्या विद्येची स्तुती कोणी ऐकून घेत नसे. गावगाड्यात विद्येची कसोटी ही अशी होती: वस्तू चालली तर विद्या खरी.

ही कसोटी आपण सर्वांस लावली. फक्त एका वर्गाला सोडून दिले. तो वर्ग म्हणजे निरनिराळ्या खात्यांतील व विद्यापीठांतील तज्ज्ञ मंडळी. त्यांची विद्या खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. उलट ती खरी आहे, कष्टाने मिळविलेली आहे, आणि आपल्याच करातून तिचा खर्च भागला आहे. म्हणूनच ती आपल्या दारापर्यंत न येता कपाटात पडून राहते याचा आम्हांस संताप येतो. खोट्या नाण्याबद्दल कोण रडतो? खरे नाणे पेटीत कुलूपबंद आणि घरात पोरे उपाशी, हे मात्र सहन होत नाही.

आज आम्ही पाण्याचे उदाहरण घेतो. कारण पाण्यावाचून शेतकरी नाही, कुंभार नाही, परीट नाही, आणि ज्याच्या नावे एक गुंठाही जमीन नाही त्या मजुराची चूलसुद्धा नाही.

महाराष्ट्र सरकारने १९७२ साली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन केली. या खात्याने राज्याचे दीड हजाराहून अधिक पाणलोट पाडले आहेत. ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजली जाते. ऑक्टोबरची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिली, की कोणत्या भागात टंचाई कोणत्या महिन्यात येणार याचा अंदाज दिवाळीच्या सुमारास बांधता येतो. ज्वारी पेरावी की गहू, ऊस लावावा की हरभरा, हे ठरविण्याचे दिवसही तेच. म्हणजे विद्या वेळेवर तयार असते. तरी गावास टंचाई कळते ती केव्हा? फाल्गुनात हापसा कोरडा वाजू लागतो तेव्हा! मधले चार महिने ती विद्या कोठे होती? अहवालात होती. अहवाल कोठे होता? कपाटात होता.

आमच्या भागातील एका गावी घडलेली गोष्ट सांगतो. एका खात्याने त्या गावच्या भूजलाचा अहवाल केला. अधिकारी ग्रामसभेत आले व त्यांनी तो वाचला. ॲक्विफर, स्पेसिफिक यील्ड, इतके टीसीएम, तितके टीसीएम, असे अर्धा तास चालले. शेवटी एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “सायेब, तुमचं समदं खरं. पर मार्चात हापशाला पानी राहील का न्हाई, येवढं सांगा.” साहेबांनी उत्तर दिले, “बाई, ते परिशिष्टात आहे.” सभा संपली, सह्या-अंगठे झाले, अहवाल ग्रामपंचायतीच्या कपाटात गेला. पुढे आम्ही तो शाळेत आणून वाचला. साहेबांचे म्हणणे अगदी खरे होते. परिशिष्टात उत्तर होते. उपसा तसाच चालू राहिल्यास फेब्रुवारीअखेर पाणी तुटेल, असे ते होते. पण आम्ही वाचले तेव्हा एप्रिल लागला होता आणि वेशीवर टँकरची रांग होती.

म्हातारीचा प्रश्न अडाणीपणाचा होता काय? त्या सभेत शास्त्रास धरून विचारलेला तेवढा एकच प्रश्न होता! एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. एवढे एक वाक्य बोलण्यास साहेबांस किती वेळ लागला असता?

आमचे म्हणणे एकच आहे. जी विद्या गावच्या हाती निर्णय होऊन येत नाही, काय करावे, काय करू नये, कोणी व केव्हा, हे सांगत नाही, ती विद्या गावात आलीच नाही असे समजावे. आणि तिला अडविणारे दोघे आहेत: शब्दांच्या आड बसणारा तज्ज्ञ व कपाटाची किल्ली कमरेला लावणारा पुढारी.

प्रथम तज्ज्ञांचे पाहू. त्यांचा ठरलेला जबाब असा, की हा विषय गहन आहे, खेडुतांस तो समजावयाचा नाही. आमचे पूर्वज विद्या मागू लागले तेव्हाही त्यांस हाच जबाब मिळाला होता. तेव्हा पोथी संस्कृतात होती, आता अहवाल इंग्रजीत आहे. बरे, विषय किती गहन आहे ते एकदा पाहूच. आमच्या शाळेतील सातवीच्या मुलास येतो तेवढा गुणाकार पुरे.

एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. गावचे क्षेत्र एक हजार हेक्टर व पाऊस पाचशे मिलिमीटर धरा. एकूण पाणी पाचशे कोटी लिटर झाले. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. या खडकात पाणी थोडेच मुरते. बाकीचे ओढ्याने जाते, उन्हाने उडते, पिके व गवत पितात. मुरणारा भाग खडकाप्रमाणे कमीजास्त होतो. ढोबळ मानाने दहावा हिस्सा धरला तर विहिरी-बोअरच्या वाट्यास पन्नास कोटी लिटर आले. ही झाली जमा.

आता खर्च. माणशी रोज पंचावन्न लिटर, हे माप सरकारने जलजीवन मिशनमध्ये धरले आहे. दोन हजार वस्तीस वर्षभर सुमारे चार कोटी लिटर लागतील. मोकाट पाणी दिलेल्या उसास हेक्टरी वर्षाकाठी दोन कोटी लिटर व त्याहूनही अधिक द्यावे लागते. म्हणजे काय झाले? दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर, ऊस जेवढे पाणी पितो तेवढ्यात दोन हजार माणसांचे गाव वर्षभर पिते, रांधते, आंघोळ करते. आणि पन्नास कोटींची ती सारी जमा किती उसाला पुरेल? पंचवीस हेक्टरांस. उसाला दिलेले काही पाणी पुन्हा मुरते, म्हणून पंचवीसचे तीस धरा. हजार हेक्टरांच्या गावात तीस हेक्टर ऊस उभा राहिला की उरलेल्या सर्वांच्या विहिरींचा तळ दिसावयाचा! तेच पाणी ज्वारी-हरभऱ्यास दिले तर पाचपट रान भिजेल.

झाला सगळा विषय. यात समजू नये असे काय आहे? उलट हे फार लवकर समजते, आणि समजल्याबरोबर पुढचा प्रश्न तोंडात येतो, की तो ऊस कोणाचा? खरी भीती येथे आहे, बांधवहो. कठीण शब्द नेहमीच विषय कठीण असल्यामुळे येत नाहीत. कित्येकदा विषय सोपा असतो व उत्तर गैरसोयीचे असते, तेव्हाही ते येतात.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होते. देशभर छायाचित्रे झळकली. वरचा हिशेब लावून पाहा: एका हेक्टर उसाचे पाणी म्हणजे तसल्या चाळीस गाड्या! हा हिशेब दहा वर्षे आधी चावडीच्या भिंतीवर लिहिला असता तर ती गाडी जोडण्याची पाळी आली असती काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

खेडुतांस समजत नाही म्हणणाऱ्यांनी आंध्राकडे पाहावे. त्या वेळच्या अविभक्त आंध्रातील सात अवर्षणी जिल्ह्यांत, अनंतपूर, कडप्पा, नलगोंडा अशा खडकाळ मुलुखात, २००३ पासून काही वर्षे शेकडो गावांच्या शेतकऱ्यांनी पाऊस व विहिरी स्वतः मोजल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे त्यास साहाय्य होते. स्त्रिया व पुरुष दोघेही मोजणी करीत. आकडे गावच्या फलकावर लिहिले जात. पाऊस संपला की सर्वांनी बसून जमा किती, कोणते पीक किती पाणी खाणार, याचा मेळ घालावयाचा व मग ज्याने त्याने रब्बीचे पीक ठरवावयाचे. हुकूम नाही, दंड नाही. पुस्तकी शिक्षण थोडे असलेल्या माणसांनी हे केले. तज्ज्ञाने येथे काय केले? त्याने उत्तर सांगितले नाही. मोजपट्टी हाती दिली.

आपल्याकडे तर याहून जुना दाखला आहे. पुण्याचे कारखानदार व यंत्रशास्त्री विलासराव साळुंखे हे १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातील हाल पाहून नायगावी गेले. देवस्थानची चाळीस एकर माळजमीन खंडाने घेऊन त्यांनी पाणी अडविण्याचे प्रयोग केले, आणि त्यांतून पाणी पंचायत उभी राहिली. हिशेब त्यांनी इंजिनिअराचे केले; पण लोकांच्या हाती दिले ते चार नियम. पाणी जमिनीच्या मानाने नव्हे, माणसांच्या मानाने. माणशी अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर. ऊस लावावयाचा नाही. भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क. हे नियम अंगठेबहाद्दरासही पाठ होतात, ग्रामसभेत बोलता येतात, आणि कोणी मोडले तर लागलीच दिसतात. सगळे यंत्रशास्त्र चार ओळींत उतरले. पाभर वावरात चालली!

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे नाव सर्वांस ठाऊक आहे. पाऊस तेथे बेताचाच. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या पुढारीपणाखाली गावाने माती-पाणी अडविले, हे लोक सांगतात. पण तेवढ्याने गाव तरले नाही. पाणी अडविणारी गावे पुष्कळ आहेत. हिवरे बाजारने अडविलेल्या पाण्याचा ताळेबंद दरवर्षी सर्वांसमक्ष मांडला, पिण्याचे पाणी आधी बाजूस काढले, शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली आणि ऊस-केळीस नाही म्हटले. म्हणजे तज्ज्ञाचा आकडा ग्रामसभेचा ठराव झाला. बंधाऱ्याचा फोटो काढता येतो, ठरावाचा येत नाही. म्हणून पाहुणे बंधारा पाहून परत जातात.

आता पुढाऱ्यांचे पाहू. त्यांना सूट देण्याचे कारण नाही.

एका प्रकारचा पुढारी म्हणतो, “आम्हांला शेती शिकवता काय? आमची हयात गेली मातीत.” आम्हांस त्याच्या अनुभवाचा आदर आहे. पण दोनशे फुटांखाली खडकात काय आहे हे कोणाच्या बापजाद्यांनी पाहिले होते? आजोबांची विहीर सहा परसांची होती. बोअरयंत्राचा काळ नवा, त्याची विद्याही नवी. अनुभवास मोजणीची जोड नको म्हणणारा पुढारी अभिमानी नव्हे, आळशी होय.

दुसऱ्या प्रकारच्या पुढाऱ्यास सगळे समजते, व म्हणूनच तो अहवाल वाचू देत नाही. त्याचाच ऊस ओढ्याकाठी उभा असतो. टँकरचा ठेका त्याच्याच मेव्हण्याकडे असतो. बंधाऱ्याचे काम निघाले की तो तज्ज्ञास हार घालतो. पिकाचा हिशेब निघाला की सभा तहकूब होते.

तज्ज्ञ न कळेसे बोलतो व पुढारी मुद्दाम गप्प बसतो. मग गावात सोपे कोण बोलतो? बोअरचा दलाल! नारळ तळहातावर ठेवून जागा दाखविणारा, आणि मागोमाग गाडी घेऊन येणारा. त्याचे भाषण ऐका: “इथं, साडेतीनशे फुटांवर, दोन इंची पाणी, उद्या सकाळी गाडी लावतो, पैसे दोन हप्त्यांत.” जागा सांगितली, खोली सांगितली, वेळ सांगितली, किंमत सांगितली. बोलणे खोटे, पण वापरता येण्यासारखे. तिकडे खरे बोलणे वापरता न येण्यासारखे. शेतकरी कर्ज काढून दलालाच्या मागे जातो, आणि शहरातील पंडित त्यास अडाणी म्हणतात! राज्याचा भूजल कायदा २००९ चा. तो २०१४ पासून लागू झाला. शेतीसाठी साठ मीटरांहून, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून, खोल विहिरीस त्यात मनाई आहे. हे आपल्या गावात किती जणांस ठाऊक आहे? कायदाही कपाटातच!

पाण्याचे जे, तेच इतर गोष्टींचे. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून वाटल्या जाऊ लागल्या, योजना चांगली. पत्रिका बोलते हेक्टरी किलो नत्रात. शेतकरी दुकानातून आणतो युरियाचे पोते. पंचेचाळीस किलोच्या पोत्यात नत्र सुमारे एकवीस किलो, हे मधले एक वाक्य कोणी सांगावयाचे? ते नसेल तर पत्रिका देवळीत पडून राहते. दूध संस्थेची पंचमंडळी, विकास सोसायटीचे संचालक, महिला बचत गट, या सर्वांची हीच तक्रार आहे: कागद येतो, उपयोग येत नाही.

आम्ही अध्यापक विद्यालयात शिकत असता पाठाचे टाचण काढावे लागे. त्यात आरंभीच लिहावयाचे, की पाठ संपल्यावर मुलास काय करता येईल? शिक्षक काय बोलणार, हे नंतर. पाठ झाल्यावर मुलांकडून करवून पाहावयाचे. न जमल्यास पाठ फसला म्हणावयाचे, मुले मठ्ठ म्हणावयाची सोय नव्हती. प्राथमिक शिक्षकास जो नियम, तो मोठ्या पदव्यांच्या तज्ज्ञांस का नसावा?

ही मागणी आजची नव्हे. जोतीराव फुले यांनी १८८३ साली पुरा केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात सरकारास सुचविले, की पाणाड्यांकडून जमिनी तपासून जेथे झरे सापडतील तेथील खुणा त्या त्या गावच्या नकाशात नोंदवाव्या, आणि पाणी मुरेल अशा ताली-बंधारे बांधावे. त्या काळी पाण्याचा जाणकार म्हणजे पाणाड्याच. आज त्याच्या जागी भूशास्त्र आले आहे. पण मागणीचा गाभा पाहा. जाणकाराची माहिती खात्याच्या दप्तरात नव्हे, गावच्या नकाशात हवी. तीच मागणी आम्ही आज करतो.

तेव्हा तज्ज्ञांकडे व खात्यांकडे आमचे मागणे असे:

पहिले, प्रत्येक अहवालाबरोबर एक पान मराठीत असावे. त्यात यंदा काय करावे, काय करू नये, कोणी, केव्हा व किती खर्चात, एवढेच लिहावे. माहिती स्थानिक भाषेत लोकांपुढे ठेवावी, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातही सांगितले आहे. आम्ही भीक मागत नाही.

दुसरे, माप आमचे असावे. टँकर, एकर, पोते, विहिरीचा हात. ज्याने आम्ही रोज मोजतो ते.

तिसरे, जे नक्की ठाऊक नाही ते तसे सांगावे. पाऊस कमी झाला तर काय व बरा झाला तर काय, असे दोन्ही सांगावे. शेतकरी दरसाल अंदाजावरच पेरतो. त्यास अनिश्चिततेची भीती दाखवू नये.

चौथे, तज्ज्ञाने पुढील हंगामात परत यावे आणि आपले बोलणे कितपत उतरले ते त्याच ग्रामसभेत पाहावे.

आता आपल्या वाट्याचे काम. सगळे मागण्यातच भागत नाही. गावात एक पर्जन्यमापक बसवा. तो फार महाग नसतो. दोराला हाता-हातावर गाठी मारून पाच विहिरी ठरवा आणि दर पंधरवड्यास पातळी मोजा. आकडे चावडीच्या भिंतीवर काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहा, म्हणजे शाळेतील पोर आजीस वाचून दाखवील. ज्याची जमीन नाही त्यानेही हे वाचावे. हापसा त्याचाही आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मत मागावयास येणाऱ्यास विचारा, “गावच्या पाण्याची जमा किती, खर्च किती?” जो सांगू शकत नाही, त्यास आधी शिकून ये म्हणा. जो सांगू इच्छित नाही, त्याच्या शेतावर एक फेरी मारून या.

यंदा पाऊस संपला की पहिल्या ग्रामसभेत एक ठराव मांडा: गावच्या पाण्याचा अहवाल कपाटातून काढून, रब्बीची पेरणी होण्यापूर्वी, सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावा. कोणी अडविले तर त्याचे नाव ठरावाच्या वहीत लिहून घ्या. पाणी कोठे मुरते हे शोधण्यास भूशास्त्र लागते. ठराव कोण मुरवतो हे शोधण्यास ती वही पुरे.

— एक खेड्यातील शिक्षक